मैदानात ढोल, भोंगे, पिपाण्या: तुमचा अनुभव काय?

फुटबॉलच्या सामन्याला प्रेक्षकांना मोठ्या आवाजाची वाद्यं नेऊ द्यावीत का, हा वाद जुनाच आहे. २०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात वुवुझेला नावाच्या प्लास्टिकच्या पिपाणीने तो घराघरात पोचवला. खरं तर आदल्याच वर्षी तिथे झालेल्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये स्पेनच्या शाबी अलोन्सोने बंदी घाला म्हणून सांगितलं होतं. फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी ते उडवून लावलं. आफ्रिकेतल्या विश्वचषकाला युरोपचं रूप द्यायला जाऊ नका, असा त्यांचा सूर होता. विश्वचषक संपून दोन महिने होतात न होतात तोच युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, आपल्या सगळ्या स्पर्धांमधून ही पिपाणी हद्दपार केली. तेव्हापासून बहुतेक मोठ्या स्पर्धांच्या नियमावलीत भोंगे आणि पिपाण्या बाहेर, ढोल मात्र आधी परवानगी घेतली तर आत, असा साधारण प्रकार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. ढोलाला हो, पिपाणीला नाही. ढोल वाजवणारा सामना बघत वाजवतो. पिपाणीवाला बघो न बघो, सूर तोच.

पण मला मतांपेक्षा अनुभव हवेत. प्रेक्षक, खेळाडू, पंच, वाजवणारे, सगळ्यांनी लिहा. 'संस्कृती की गोंगाट' या विषयावर निबंध लिहिणाऱ्यांनी कृपया शेवटच्या रांगेत बसावं.

सोफासम्राट

२०१० चा सलामीचा सामना लागला आणि बाबांनी आधी टीव्हीच्या मागची केबल हलवून पाहिली. मग अँटेनावाल्याला शिव्या. दहा मिनिटांनी समालोचकानेच खुलासा केला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. पुढचे सामने मी कॉम्प्युटरवर लावायचो. इक्वलायझरमध्ये सुमारे २३५ हर्ट्‌झची पट्टी खाली ओढायची, मग तिच्या दुप्पट, तिप्पट पट्ट्यासुद्धा, कारण पिपाणीच्या मूळ सुराबरोबर हे वरचे सूरही निघतात. गुणगुण कमी झाली खरी, पण माणसाचा आवाजही त्याच पट्ट्यांत असतो. त्यामुळे समालोचक पिंपात बसून बोलतोय असं वाटायला लागलं. शेवटी आवाज बंद करून नुसताच सामना बघितला.

दूरदेशी

मी कामानिमित्त तेव्हा जोहान्सबर्गला होतो. सॉकर सिटी या स्टेडियममध्ये दक्षिण आफ्रिका विरुद्ध मेक्सिको हा सलामीचा सामना प्रत्यक्ष बघितला. टीव्हीवर ऐकणाऱ्यांना त्या आवाजाची कल्पना आली, पण अर्धीच.

पहिली गोष्ट, ही पिपाणी वाजवणं दिसतं तितकं सोपं नाही. दोन फुटांहून जरा लांब नळी. नुसती फुंकर मारली तर फक्त वारा जातो. ओठ गच्च मिटून त्यांची फुर्र करावी लागते, तेव्हा कुठे आवाज फुटतो. मध्यंतरापर्यंत माझे ओठ सुजले होते आणि शेजारचा माणूस गालातल्या गालात हसत होता. तो गडी मात्र एक लांब, दोन आखूड असं पलीकडच्या रांगेला विचारायचा आणि तिकडून उत्तर यायचं. हजारो जण एकदम वाजवतात तेव्हा हे सगळं एकमेकांत विरघळून जातं आणि टीव्हीवर नुसती गुणगुण पोचते.

दुसरी गोष्ट धागाकर्तीसाठी. पिपाणीवाला सामना बघत नाही हे मला मान्य नाही. चेंडू गोलच्या तोंडाशी गेला की पिपाण्या आपोआप खाली येतात, कारण ओरडायला तोंड मोकळं लागतं. दक्षिण आफ्रिकेच्या त्शाबालालाने गोल मारला तेव्हा आधी एक क्षण पिपाण्यांचा आवाज चक्क पडला होता, मग माणसांचा आवाज चढला, आणि मग पुन्हा पिपाण्या.

एक कबूल करतो. आमच्या मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, आधी इथे लोक गायचे. त्या दिवशी गाणं सुरू करायचा प्रयत्न दोनदा झाला, दोन्ही वेळा दुसऱ्या ओळीच्या पुढे गेलं नाही.

कर्णोपकर्णी

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे, त्यामुळे आकडे मीच सांगते. कामाच्या ठिकाणी साधारण ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. दक्षिण आफ्रिकेतल्याच श्रवणतज्ज्ञांनी विश्वचषकाआधी मोजमाप केलं होतं: पिपाणीच्या तोंडाशी १३१ डेसिबल, दोन मीटरवर ११३. या हिशेबाने दोन मीटरवर मिनिटभरही बसू नये, आणि सामना चालतो दीड तास.

यातली गंमत अशी की वाजवणाऱ्याला सगळ्यात कमी त्रास. आवाज पुढे फेकला जातो, तो समोरच्या रांगेतल्या माणसाच्या मानेपाशी. माझ्याकडे आलेला एक पाच वर्षांचा मुलगा सामनाभर वडिलांच्या खांद्यावर होता. उभं राहिलेल्या माणसाच्या खांद्यावरच्या मुलाचा कान नेमका मागच्या, वरच्या रांगेतल्या पिपाणीच्या तोंडाशी येतो. दोन दिवस 'कानात शिट्टी वाजतेय' म्हणत होता. नशिबाने गेली. सगळ्यांची जात नाही.

कापसाचे बोळे घालू नका, उपयोग शून्य. फोमचे प्लग बोटांत वळून बारीक करायचे, कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. लहान मुलांना हेडफोनसारखे दिसणारे कानझाकणे. ढोलाजवळ बसणार असाल तरी हेच.

काळा डगला

पंच म्हणून लिहितो. ढोल, पिपाणी, काहीही आणा, मला अडचण फक्त एका वाद्याची: प्रेक्षकाची शिट्टी. स्थानिक लीगच्या एका सामन्यात स्टँडमधून कुणीतरी शिट्टी मारली. बचावपटूला वाटलं मीच वाजवली. त्याने स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात चेंडू सरळ हातात उचलला आणि फ्री किकसाठी मांडायला लागला. समोरच्या संघाचे अकराच्या अकरा खेळाडू पेनल्टी मागत माझ्या अंगावर. नियम स्पष्ट आहे: प्रेक्षकाच्या शिट्टीने खेळात व्यत्यय आला तर सामना थांबवायचा आणि ड्रॉप बॉलने, म्हणजे पंचाने चेंडू जमिनीवर सोडून, पुन्हा सुरू करायचा. पेनल्टी क्षेत्रात असेल तर चेंडू बचाव करणाऱ्या गोलकीपरला मिळतो. हे समजावण्यात जो वेळ गेला त्यात मी निवृत्तीचा विचार करून झाला.

गोंगाटात आमची शिट्टी ऐकू कशी जाते, असं पुष्कळ जण विचारतात. तिचा सूर पिपाणीच्या कितीतरी वर असतो, म्हणून ती आरपार जाते. पूर्वीच्या शिट्टीत मणी असायचा, जोरात फुंकलं की तो अडकायचा, ऐन वेळी नुसतीच हवा. कॅनडातले बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी १९८७ साली बिनमण्याची शिट्टी आणली, आता बहुतेक पंच तसलीच वापरतात. मोठ्या सामन्यांत लाइनमनच्या झेंड्याच्या मुठीत बटण असतं. दाबलं की पंचाच्या दंडावरचा पट्टा थरथरतो.

नंबर एक जर्सी

गोलकीपर. फ्री किकच्या वेळी भिंत लावताना 'डावीकडे एक पाऊल' हे ओरडून सांगायचं असतं. मागे भोंगे असले की पाठमोऱ्या माणसाला काहीच कळत नाही. मेस्सीनेही २०१० ला हीच तक्रार केली होती, बहिऱ्यासारखं खेळावं लागतं म्हणून. आम्ही मग खुणा ठरवल्या, पण खूण बघायला मान वळवावी लागते आणि तेवढ्यात किक घेतली जाते. उंच चेंडूवर 'माझा!' ओरडलो, स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) ऐकू गेलं नाही, दोघांची टक्कर. त्याच्या भुवईला टाके पडले.

खवचट खान

मग सामने वाचनालयात भरवा.

नंबर एक जर्सी

@खवचट खान, टाके तुमच्या भुवईला असते तर चाललं असतं.

ठेका

आमच्या समर्थक गटाचा ढोल मी वाजवतो, त्यामुळे मला इथे आरोपी समजा.

बाहेरून वाटतं तसं मनाला येईल तेव्हा बडवणं चालत नाही. सर्वात खालच्या कठड्यावर आमचा म्होरक्या मैदानाकडे पाठ करून उभा असतो. सामना त्याला अर्धा दिसतच नाही, बिचारा लोकांच्या चेहऱ्यांवरून अंदाज घेतो. त्याचा हात वर गेला की ठोका, मूठ वळली की बंद. खेळाडू जखमी होऊन पडला की ढोल बंद, दोन्ही संघांपैकी कुणाचाही असो. कॉर्नर मिळाला की हळू सुरुवात करून लय वाढवत न्यायची. लोकांचं गाणं धावायला लागलं की ढोलाने ते धरून ठेवायचं, खरं काम हे आहे. ढोलाशिवाय हजार माणसांचं गाणं तिसऱ्या कडव्यापर्यंत दुप्पट वेगात जातं.

दुसऱ्याच्या मैदानावर जायचं तर आधी कळवावं लागतं: किती ढोल, केवढे, वाजवणारा कोण. आमच्या ढोलाची एक बाजू उघडीच ठेवली आहे, म्हणजे दारावर आत काही लपवलेलं नाही हे लगेच दाखवता येतं. एकदा तरीही रखवालदाराने आत हात घालून पाहिलं. सापडला तो माझा डबा.

निःशब्द

मला जन्मापासून ऐकू येत नाही. मी ठरवून ढोलाच्या जवळची जागा घेतो. लोखंडी कठड्यावर तळवा ठेवला की प्रत्येक ठोका हातात येतो, मोठा ढोल असेल तर छातीतसुद्धा. गाणं कधी सुरू झालं, कधी थांबलं हे मला इतर कशानेच कळत नाही. पिपाण्यांचं मला काही नाही, त्या माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. ढोल बंद करण्याच्या गोष्टी करताना माझ्यासारख्यांनाही विचारा.

आईपण

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे आणि फुटबॉलवेडा आहे. ढोल त्याला चालतो, कारण पुढचा ठोका कधी येणार हे त्याला कळतं. मोजतोसुद्धा. एअर हॉर्न अचानक वाजला की तो खुर्चीखाली जातो, आणि मग उरलेला सामना आम्ही जिन्यात बसून काढतो. काही क्लबांनी काचेमागे शांत खोल्या केल्या आहेत, तिथून मैदान दिसतं. चांगलं आहे. पण त्याला तिथे बसायचं नसतं, त्याला ढोलाजवळ बसायचं असतं.

चौथी भिंत

जरा वेगळा अनुभव. दृष्टिहीनांच्या फुटबॉलचा सामना पाहिला. चेंडूत खुळखुळे असतात, खेळाडू त्या आवाजावर धावतात, आणि चेंडू घ्यायला जाताना 'वॉय' असं ओरडणं बंधनकारक असतं, म्हणजे टक्कर होत नाही. समोरच्या संघाच्या गोलमागे मार्गदर्शक, आपल्या गोलमध्ये डोळस गोलकीपर. खेळ चालू असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचं. चेंडू बाहेर गेला की जोरात आरडाओरडा, पुन्हा आत आला की चिडीचूप. माझ्या पुढचा माणूस ढोल घेऊन आला होता. आयोजकांनी ढोल काढून घेतला नाही, फक्त गोल झाल्यावर वाजवा म्हणाले. सामना ०-०.

पिवळा हिरवा

ब्राझीलने २०१४ साठी मुद्दाम सौम्य वाद्य काढलं होतं: काशिरोला, एक प्रकारचा खुळखुळा, संगीतकार कार्लिन्होस ब्राउन यांनी घडवलेला. एप्रिल २०१३ मध्ये साल्वादोरला बाहिया आणि व्हितोरिया या क्लबांच्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी ते शेकड्यांनी मैदानात भिरकावले. विश्वचषकाआधीच त्यावर बंदी. आवाजाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. नडलं ते हातात मावणं. परवानगी देताना हेही बघायला हवं, केवढ्या आवाजाचं हे एकच विचारून भागत नाही.

खवचट खान

म्हणजे एवढा मोठा ढोल हवा की फेकता येणार नाही. ठेका, तुमचं काम झालं.

सोफासम्राट

२०२० मध्ये रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा प्रशिक्षकांच्या शिव्या स्पष्ट ऐकू यायच्या. पहिल्या सामन्याला मजा आली. दुसऱ्यापासून मी मुकाट्याने वाहिनीचा नकली गोंगाट चालू केला. २०१० ला आवाज घालवायला धडपडणारा मीच तो.

धागाकर्ती

@दूरदेशी, ते 'क्षणभर आवाज पडला' मी जुनं चित्रण लावून ऐकलं. मला नाही कळलं, पण मैदानात तुम्ही होतात. @ठेका, एक शंका. समोरच्या गटानेही ढोल आणला तर दोघांची लय जुळते का?

ठेका

जुळूच शकत नाही. दोन टोकांमधलं अंतर दीडशे मीटर धरा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे त्यांचा ठोका आमच्याकडे जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा येतो. आम्ही त्यांच्याशी जुळवून घेतलं तर त्यांना आम्ही आणखी उशिरा ऐकू येणार. एकदा सगळ्या मैदानाने एकच गाणं म्हणायचं ठरलं होतं, दुसऱ्या ओळीला दोन टोकांची दोन गाणी झाली. आता तसं काही असलं की दोघांपैकी एकच ढोल वाजतो. कुणाचा, यावर दर वेळी भांडण होतं.