साइटमधल्या प्रत्येक बदलानंतर ब्राउझरच्या तिन्ही इंजिनांवर पायथनची टेस्ट चालवायची, की फोन हातात घेऊन बघायचं?

मांडवीकाठ

गोव्यात पर्वरीत बसून हॉटेलं आणि होमस्टेच्या बुकिंग साइटचं फ्रंटएंड, म्हणजे पाहुण्याला दिसणारा भाग, करतो. सीझन ऑक्टोबरला उघडतो, त्यामुळे चवथीच्या आगेमागे सगळ्या मालकांना एकदमच आठवण येते, नवे रेट टाका, फोटो बदला, कॅलेंडर नवीन लावा, आणि हे सगळं इथल्या बऱ्याच टीम आपल्या लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये एकदा बघून थेट लाइव्ह करतात. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. निदान बुकिंगचा रस्ता तरी, म्हणजे तारखा निवडल्या, खोली निवडली, नाव-नंबर भरला आणि पेमेंटचं पान आलं इथपर्यंत, प्रत्येक बदलानंतर तिन्ही इंजिनांवर आपोआप तपासला गेलाच पाहिजे, कोणाच्या आठवणीवर सोडायचा नाही.

इंजिनं म्हणतोय, ब्राउझर नाही. इंजिन म्हणजे ब्राउझरच्या आतला, पान वाचून पडद्यावर काढणारा भाग. लोक क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह अशा चार ठिकाणी साइट उघडतात आणि चार ब्राउझर झाले म्हणतात, पण ऑपेरा २०१३ पासून आणि एज २०२० पासून क्रोमच्याच क्रोमियमवर आहे, म्हणजे तपासलं एकच. उरतात फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. आयफोनवर तर आपल्याकडे क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स घ्या, आत वेबकिटच असतं. दुसऱ्या इंजिनाची मुभा ॲपलने २०२४ मध्ये आधी युरोपियन युनियनला दिली.

एक उदाहरण देतो. सर्व्हरकडून तारीख आणि वेळ मध्ये नुसती जागा सोडून आली, तर क्रोम ती मुकाट्याने वाचतो, सफारीच्या जुन्या आवृत्त्या 'इन्व्हॅलिड डेट' म्हणतात. दोष सफारीचा नाही, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेच्या नियमात मध्ये 'टी' अक्षर असलेलाच नमुना पक्का ठरलेला आहे, बाकी ज्याची त्याची मर्जी. पण पाहुण्याला कॅलेंडर कोरं दिसतं आणि तो दुसऱ्या साइटवर जातो, तक्रारसुद्धा करत नाही.

पायटेस्ट या पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाला प्लेराइटचं, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाचं, प्लगइन लावलं की टेस्ट एकदाच लिहायची, कमांडमध्ये क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिघांची नावं द्यायची, तीच टेस्ट तिघांवर चालते. लिनक्सवर चालते, मॅक विकत घ्यावा लागत नाही. मग न करायला कारण काय?

डिचोलीची टेस्टर

कारण आहे ना. मी हाताने टेस्टिंग करते, बरीच वर्षं हेच करते, आणि टेस्ट हिरवी, म्हणजे पास, झाली म्हणून कोणी फोन हातात घेतलाच नाही हे परत परत बघते, त्याचा मला खरंच राग येतो.

तुम्ही प्लेराइटला 'आयफोन १३' सांगता तेव्हा तो काय करतो? स्क्रीनचा आकार बदलतो, यूजर एजंट, म्हणजे ब्राउझर साइटला सांगतो ती ओळख, बदलतो, टच चालू करतो, पिक्सेलचं प्रमाण बदलतो. संपलं. त्यात सफारीची ॲड्रेस पट्टी नाही, वर येणारा कीबोर्ड नाही. आता बुकिंगच्या पानावर 'पुढे जा' बटण सगळ्यात खाली चिकटवलेलं असतं आणि पानाची उंची शंभर व्हीएच, म्हणजे स्क्रीनच्या पूर्ण उंचीएवढी, दिलेली असते, खऱ्या आयफोनवर ते बटण पट्टीखाली जातं, दिसतच नाही. तुमची टेस्ट ते बटण दाबते आणि पास होते. दुसरं, इनपुटमधली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवली की आयफोन त्या खान्यावर टॅप केल्याबरोबर झूम करतो आणि बाजूची खोलीची किंमत स्क्रीनबाहेर जाते. ती कुठल्या टेस्टमध्ये पकडणार तुम्ही?

आणि तुमच्याच तारखेच्या उदाहरणात तुम्ही म्हणालात जुन्या आवृत्त्या. प्लेराइटबरोबर येणारं वेबकिट ताजं असतं, सफारीत यायच्या आधीचं म्हणा हवं तर. आयफोन ७ आयओएस १५ वर अडकलाय, त्याच्या पुढे जात नाही, आणि सफारी आयओएसबरोबरच अपडेट होते. तो फोन वापरणारे लोक आहेत, आमच्याच घरात आहेत. त्यांच्यासाठी तुमचं वेबकिट काही सांगत नाही.

जुना वेबवाला

दोघांनाही एक सांगतो, तुम्ही प्लेराइट म्हणजेच ऑटोमेशन असं धरून भांडताय. खरा सफारी हवा असेल तर सेलेनियम हे ब्राउझर चालवणारं जुनं साधन आहे ना. २००४ मध्ये थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्सने सुरू केलेलं काम, पुढे सायमन स्टुअर्टचा वेबड्रायव्हर, म्हणजे ब्राउझरला आज्ञा द्यायची पद्धत, त्यात मिसळला, आणि २०१८ मध्ये वेबड्रायव्हर वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी संस्थेचं अधिकृत मानक झालं. याचा अर्थ ड्रायव्हर ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या स्वतः देतात. सफारीड्रायव्हर मॅकमध्ये आधीपासून असतो, एकदा चालू करायचा, वेगळं काही उतरवायचं नाही. आयओएस १३ पासून मॅकला जोडलेल्या खऱ्या आयफोनवरही चालतो. प्लेराइट स्वतःचे बदल केलेले फायरफॉक्स आणि वेबकिट घेऊन येतं, तुमच्या पाहुण्याकडे ते ब्राउझर नाहीत. मी तरी ज्या ब्राउझरने पैसे येतात त्याच ब्राउझरवर तपासेन.

पूर्वी ड्रायव्हरची आवृत्ती आणि क्रोमची आवृत्ती जुळवता जुळवता जीव जायचा हे खरं, पण सेलेनियम ४.६ पासून त्यातला सेलेनियम मॅनेजर योग्य ड्रायव्हर आपणच आणतो. त्यामुळे ती तक्रार आता जुनी झाली.

मांडवीकाठ

जुना वेबवाला बाब, मानक असल्याचं महत्त्व मला मान्य आहे, पण इथल्या तीन-चार माणसांच्या ऑफिसात मॅक कोणाकडे आहे? असला तर तो डिझायनरचा, आणि सफारीड्रायव्हरला एका वेळी एकच सेशन चालतं, मध्येच कोणी खिडकीला हात लावला तर ऑटोमेशन थांबवायचं का विचारतं. क्लाउडवरचं मॅकचं मिनिट लिनक्सच्या मिनिटापेक्षा कितीतरी महाग. लिनक्सवर फुकट चालणारं वेबकिट बहुतेक चुका पकडत असेल तर मी तेच आधी लावणार. शिवाय पावसात लाइट गेली तरी टेस्ट क्लाउडवर चालूच राहते, हे इथे राहणाऱ्याला समजावून सांगायला नको.

आणि सेलेनियमच्या नावाने जे लिहिलं जातं ते बघा ना, प्रत्येक क्लिकनंतर 'टाइम डॉट स्लीप', म्हणजे ठरावीक वेळ नुसतं थांबणं, कधी दोन सेकंद कधी पाच, नेट हळू असलं की टेस्ट पडते, मग स्लीप वाढवतात, मग अख्खा संच इतका रेंगाळतो की कोणी चालवतच नाही. प्लेराइट बटण दिसेपर्यंत, हलायचं थांबेपर्यंत, दाबता येईपर्यंत स्वतः थांबतं.

ताई, तुमचा पट्टीचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याला टेस्टचं उत्तर नाही. शंभर व्हीएचच्या जागी डीव्हीएच, म्हणजे त्या क्षणी खरी दिसणारी उंची, वापरायचं, सफारीत ते १५.४ पासून चालतं. पण त्या बटणाचं काम तुम्ही फोनवर एकदा बघितलंत तरी पुढच्या प्रत्येक बदलाला कोण बघणार? शुक्रवारी संध्याकाळी मालक म्हणतो ख्रिसमसचा रेट बदला, तेव्हा तुम्ही सगळे फोन काढून परत पहिल्यापासून बघता का?

जुना वेबवाला

स्लीप सेलेनियमने लिहायला सांगितलेला नाही. वेबड्रायव्हरवेट किती वर्षांपासून आहे. अमुक गोष्ट दिसेपर्यंत जास्तीत जास्त दहा सेकंद थांब, आधी दिसली तर लगेच पुढे जा, एका ओळीचं काम आहे. लिहिणाऱ्याने आळस केला तर हत्याराला का बोल लावता?

फर्मागुडीचा विद्यार्थी

मध्येच विचारतो, पायथनच का? प्लेराइट मुळात जावास्क्रिप्टवाल्यांसाठीच बनलंय ना, आणि स्क्रीनशॉट जुळवून बघायची सोय त्यांच्या जावास्क्रिप्टच्या टेस्ट रनरमध्येच आहे, पायथनमध्ये ती आयती मिळत नाही असं मला दिसलं.

मांडवीकाठ

खरं आहे, पायथनमध्ये स्क्रीनशॉट घेता येतो, जुळवणी आपली आपण करावी लागते. पण आमचं बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवरचा भाग, जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कवर आहे, टेस्ट पडली तर बॅकएंडवाला पण वाचू शकतो, आणि पायटेस्टच्या फिक्स्चरने, म्हणजे टेस्टच्या आधी-नंतरची तयारी करणाऱ्या कोडने, डेटाबेसमध्ये रिकामी खोली तयार करून टेस्ट झाली की पुसून टाकता येते. टीम रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर काम करणारी असेल तर जावास्क्रिप्टमध्ये लिहा, माझा हट्ट नाही. हट्ट तिन्ही इंजिनांचा आहे.

अक्षरवेडा, मडगाव

इथे कोणीच न बोललेली गोष्ट सांगतो, कारण मी मराठी-कोंकणी पानं असलेल्या साइट करतो आणि सगळ्या टेस्ट इंग्रजी डोक्यात ठेवून लिहिलेल्या असतात याचा मला त्रास होतो. साइट सिस्टीमच्या फाँटवर अवलंबून असेल आणि टेस्ट चालणाऱ्या बारीक लिनक्स इमेजमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या तयार सिस्टीममध्ये, देवनागरी फाँटच नसेल, तर पानावर नुसते चौकोन येतात, आणि टेस्ट पास होते! कारण टेस्ट डॉममधला, म्हणजे पानाच्या आतल्या रचनेतला, मजकूर वाचते, 'आरक्षण करा' असा मजकूर तिथे आहेच, दिसत नाही एवढंच. स्क्रीनशॉट उघडून माणसाने बघितल्याशिवाय कळत नाही. आधी इमेजमध्ये नोटो नाहीतर लोहितचे देवनागरी फाँट टाका, मग पुढचं बोला.

उलटंही होतं. 'ॲप' मधला ॲ एकाने एका कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून टाकला आणि दुसऱ्याने अ वर चंद्र देऊन टाकला, दिसायला अगदी सारखे, पण पायथनला दोन वेगळ्या स्ट्रिंग. युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एक करणं, केलं तरी ते दोन एक होत नाहीत. 'दऱ्या' मधल्या ऱ्याचं तेच. पान नीट असून टेस्ट लाल होते आणि माणूस तासभर डोकं आपटतो. म्हणून बटण शोधायला मराठी मजकूर वापरू नका, बटणाला कोडमध्ये टेस्ट आयडी, म्हणजे टेस्टपुरतं ओळखनाव, द्या.

आणि क्रोम, फायरफॉक्स अक्षरांची जुळणी हार्फबझ या लायब्ररीने करतात, सफारी ॲपलच्या कोअरटेक्स्टने, त्यामुळे जोडाक्षरं आणि रफार तिन्हीकडे थोडे वेगळे बसू शकतात. लाइन हाइट इंग्रजीच्या मापाने घट्ट दिली आणि ओव्हरफ्लो हिडन केलं, म्हणजे चौकटीबाहेरचं लपवलं, की वरची वेलांटी कापली जाते. हे मी डोळ्यांनीच बघतो, मात्र तिन्ही इंजिनांचे स्क्रीनशॉट स्क्रिप्टने काढून शेजारी शेजारी ठेवतो. लिनक्सवरचं वेबकिट कोअरटेक्स्ट वापरत नाही, म्हणून सफारीचा खरा फोटो मॅकवरूनच घ्यावा लागतो. इथे मी जुना वेबवाल्यांच्या बाजूचा.

होमस्टेवाली, काणकोण

मी प्रोग्रॅमर नाही, साइटचे पैसे देणारी आहे. मला टेस्टसाठी वेगळा आकडा सांगितला आणि मी नाही म्हटलं, का ते ऐका. साइट करणारा मुलगा पुण्याला गेला नाहीतर बंगळुरूला गेला की नवीन माणूस येतो आणि पहिलं वाक्य म्हणतो, हे जुनं सगळं काढून टाकूया. मग त्या टेस्ट कोणाच्या? तिन्ही इंजिनं काय ते तुम्ही बघा, माझा प्रश्न एवढाच, फ्रान्सहून बुकिंग करणारी बाई कार्ड घालते, बँकेचा ओटीपीचा चौकोन उघडतो, तिथे अडकलं तर तुमची टेस्ट मला सांगणार का? माझे पैसे तिथेच अडकतात.

मांडवीकाठ

नाही सांगणार, पेमेंट गेटवेच्या टेस्ट मोडपर्यंतच जाता येतं, खऱ्या बँकेचं पान आपल्या हातात नाही. पण तिथपर्यंत ती बाई पोचली की नाही हे सांगणार, आणि जास्त पाहुणे त्याच्या आधीच गळतात असं माझं ठाम मत आहे. नवीन माणसाचं म्हणाल तर टेस्ट थोड्या ठेवायच्या, पाच-सहाच, साध्या पायथनमध्ये, साइटच्या कोडबरोबरच. त्या वाचून नवीन माणसाला निदान कळतं की साइटने काय करायचं असतं. कागदावर लिहून ठेवलेलं कोणी अपडेट करत नाही, टेस्ट चुकीची झाली तर ओरडते.

डिचोलीची टेस्टर

पाच-सहा म्हणालात हे बरं केलंत, कारण मी बघितलेल्या संचांत शेकड्यांनी असतात आणि निम्म्यांवर 'स्किप' लिहिलेलं असतं. तेवढ्याच राहिल्या तर माझा विरोध त्या लावण्याला नाही. विरोध आहे तो त्यांच्या नावावर माझा अर्धा दिवस कापण्याला, आणि तो कापला जातो, मीटिंगमध्ये पहिलं तेच विचारतात. रेट बदलला तर चालवा तुमची टेस्ट, मी मध्ये येत नाही. पण फॉर्मला, खालच्या बटणाला किंवा पेमेंटच्या पानाला हात लागला असेल तर लाइव्ह करायच्या आधी लिंक माझ्याकडे आली पाहिजे, मी ती आयफोन ७ वर, जिओच्या नेटवर, उन्हात उभी राहून भरून बघणार, आणि मी हो म्हणेपर्यंत ती जाणार नाही. होमस्टेवाली ताई, तुम्ही पैसे द्याल तेव्हा हे दोन्ही एकाच करारात लिहून घ्या.