मदत हवी आहे : 'साबोर आ मी' मराठीत कसे म्हणावे?

नमस्कार. मेक्सिकोचे संगीतकार आल्वारो कार्रियो यांचे 1959 सालचे 'साबोर आ मी' हे बोलेरो प्रकारातील प्रेमगीत मराठीत आणण्याचा माझा प्रयत्न शीर्षकापाशीच अडला आहे. स्पॅनिशमध्ये 'साबोर' म्हणजे चव. परंतु येथे 'मी साबोर', म्हणजे 'माझी चव', असे न म्हणता, एखाद्या पदार्थाला स्ट्रॉबेरीचा स्वाद असावा त्या धर्तीवर, दीर्घ सहवासाने प्रिय व्यक्तीत उतरलेला 'माझा स्वाद' सुचवला आहे. 'माझी चव' मराठीत हास्यास्पद वाटते, 'स्वाद' मसाल्याच्या पाकिटावरचा वाटतो, आणि 'गंध' घ्यावा तर जिभेचा अनुभव नाकाकडे जातो. स्पॅनिश जाणणाऱ्यांनी कृपया पर्याय सुचवावेत.

दुसरी अडचण वादनाची आहे. अमेरिकी गायिका ईडी गोर्मे यांनी 1964 साली त्रिओ लोस पांचोस या गायक-गिटारवादकांच्या त्रिकुटासह गायलेल्या आवृत्तीत (मला हीच अधिक भावते) रेकिंतो ही साध्या गिटारपेक्षा पाच अर्धस्वरांनी चढी लावलेली लहान गिटार आहे. साध्या गिटारवर पाचव्या पडद्यावर कॅपो (सर्व तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सूर जुळतो, पण तो खणखणीत नाद येत नाही; तारा बदलाव्यात की नखीने वाजवावे?