लघवीच्या दोन दोन गोळ्या काहून? आणि संत्री बंद?

सदरवाली: बाबांचं हार्ट कमजोर आहे, फ्रुसेमाइड चालूच होती, आता स्पायरोनोलॅक्टोन २५ पण दिली. दोन्ही लघवीच्याच ना? वरून डॉक्टर म्हणे संत्री, नारळपाणी बेतानं. सीझन सुरू आहे अन् बाबा रुसून बसलेत.

फार्मसीवाला: ताई, दोघींची किडनीतली जागा वेगळी. फ्रुसेमाइड हेन्लेच्या लूपमध्ये, म्हणजे किडनीतल्या बारीक नळीच्या मधल्या वळशात काम करते, खूप पाणी काढते पण सोडियमसोबत पोटॅशियमही वाहून जातं. स्पायरोनोलॅक्टोन पुढे, नळीच्या अगदी शेवटच्या भागात. तिथे अल्डोस्टेरॉन हार्मोनच्या हुकमानं सोडियम आत ओढलं जातं आणि बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडलं जातं, ही गोळी त्या हार्मोनची जागाच अडवून बसते, म्हणून पोटॅशियम वाचतं. संत्री, नारळपाण्यातही पोटॅशियम असतं, ते रक्तात जास्त वाढू नये म्हणून बेतानं. असर यायला दोनतीन दिवस लागतात. अमिलोराइड ही पोटॅशियम वाचवणारी दुसरी गोळी मात्र हार्मोनच्या भानगडीत पडत नाही, सोडियमचं दारच बंद करते. एकट्यानं या गोळ्या फार पाणी काढत नाहीत कारण तिथवर सोडियम उरतंच थोडं, पण स्पायरोनोलॅक्टोन हार्टसाठी मोठ्या कामाची, हार्ट कमजोर असलेल्यांवरच्या १९९९ च्या रेल्स ट्रायलमध्ये तिच्यामुळे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले होते.

महालकर: जेवणातलं मीठ पण बघा! आमच्या आईला आम्ही लो सोडियम मीठ देऊन राहिलो होतो, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं हे माहीतच नव्हतं, रिपोर्टमध्ये रक्तातलं पोटॅशियम ६ च्या वर गेलं, नॉर्मल ३.५ ते ५. पेनकिलरही मनानं देऊ नका.

सदरवाली: अरे बाप्पा, तेच मीठ आहे घरी! आत्ताच डॉक्टरांना फोन करते.