मेडुसाच्या टॅटूचा अर्थ: शनिवारच्या आत सांगा

काळी_शाई
टॅटू काढायचाय, मेडुसाचा, ती ग्रीक कथेतली सापांच्या केसांची. पूर्वी जे झालं त्यासाठी. खुलासा करत बसत नाही, कळणाऱ्यांना कळेल. आता एकाने सांगितलं की ही खूण ठरावीक लोकांचीच, बाकीच्यांनी काढली तर ढोंग. खरं का? शनिवारची वेळ ठरली आहे, आगाऊ पैसेही भरलेत. मला मेडुसा चालेल की सरळ फिनिक्स घ्यावा? लिंका नकोत.

रानवारा
ठरावीक म्हणजे कोण? कुठे काढणार, केवढा? एवढ्यावर काय सांगणार, ताई?

पोथीनिष्ठ
रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात समुद्रदेव नेपच्यून (ग्रीकांचा पोसायडन) मिनर्व्हा देवीच्या देवळात मेडुसावर बळजबरी करतो, आणि देवी शिक्षा देते ती तिलाच: केसांचे साप. म्हणून लैंगिक अत्याचारातून गेलेल्या अनेकजणी ती गोंदवून घेतात. पण ग्रीक कवी हेसिओड ओव्हिडच्या कित्येक शतकं आधीचा. त्याच्याकडे शाप नाही, देऊळही नाही, फुललेलं कुरण आहे. तेव्हा तुमची मेडुसा ग्रीक नव्हे, रोमन.

तिरपी_रेघ
माणसाला शनिवारी सुई टोचणार आहे आणि हे हेसिओड उघडून बसलेत! अर्थ आजचे लोक ठरवतात. शिल्पकार गार्बातीचं २००८ चं शिल्प बघा: मेडुसाच्या हातात पर्सियसचं, म्हणजे कथेत तिचं डोकं उडवणाऱ्या वीराचं, मुंडकं. २०२० मध्ये ते न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोर उभं केलं.

पोथीनिष्ठ
आणि लोकांनी लगेच विचारलं, मुंडकं पर्सियसचं का? गुन्हा तर पोसायडनचा. रास्त प्रश्न होता.

निवृत्त_नाना
ग्रीक कशाला? अंबा घ्या. भीष्माने पळवून नेली, शाल्वाने परत घेतली नाही, तर पुढच्या जन्मी शिखंडी होऊन हिशोब चुकता केला.

पोथीनिष्ठ
मग अहल्या का नको? वाल्मीकींच्या बालकांडात ती शिळा होत नाही बरं का. राखेत, कुणाला न दिसता, वाऱ्यावर जगते.

रानवारा
धागा कुणाचा आहे? ताई, कुठे काढणार ते सांगा आधी.

काळी_शाई
ताई नाही, दादा. म्हणूनच तर विचारतोय. लहानपणचं आहे, यापुढे विचारू नका. दंडावर काढायचाय, तिथला व्रण झाकायचाय.

तिरपी_रेघ
अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! ढोंग कसलं त्यात? पॉम्पेई या जुन्या रोमन शहरातल्या मोझेइकमध्ये (खड्यांच्या चित्रात) खुद्द अलेक्झांडरच्या छातीवर, चिलखतावर मेडुसाचं तोंड आहे. ग्रीक योद्धे ढालींवर काढायचे, समोरच्याला धाक बसावा म्हणून. पुरुषाने मिरवायची गोष्ट नाही हे ज्याने सांगितलं त्याला पाठवा इकडे.

सुईवाला
हे काम मी करतो म्हणून विचारतो. व्रण किती जुना? फुगीर आहे का, खाजतो का? केलॉइडची, म्हणजे व्रण गाठीसारखा वाढत जाण्याची, प्रवृत्ती असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ. वर्षाच्या आतला असेल तर शनिवार विसरा. व्रणावर शाई कुठे धरत नाही, कुठे पसरते, म्हणून चेहरा त्यावर आणू नका, डोळा फिसकटला की संपलं. सापांची वेटोळी चालतील, जाड रेघेत.

उनाड
काळाच घ्या. लेझरने काढताना हिरवा-निळा फार छळतो.

तिरपी_रेघ
पुसायचं कुणी विचारलंय?

काळी_शाई
व्रण जुना आहे, सपाट. फिनिक्स रद्द. राखेतून उठलो असं मला म्हणायचंच नाही, अजून मधूनमधून जळतं. मेडुसाच. पण कुणी अर्थ विचारला तर?

रानवारा
‘साप आवडतात’ म्हणा आणि विषय बदला. एक मात्र करा: अनोळखी माणूस तासन्‌तास दंड धरून बसणार, त्यात जुनं वर येऊ शकतं. हात वर केला की सुई थांबेल, असं आधीच ठरवून घ्या. समुपदेशकाकडे जात असाल तर त्यांच्याही कानावर घाला.

सुईवाला
बरोबर. चांगला कलाकार कारण न विचारता थांबतो.

पोथीनिष्ठ
डोळे उघडेच ठेवा. ग्रीक भांड्यांवर बाकी बहुतेक जण एका बाजूने दिसतात, गॉर्गन (मेडुसा आणि तिच्या बहिणी) मात्र थेट आपल्याकडे बघते.

काळी_शाई
हे पटलं. डोळे उघडे, साप व्रणावर. नाना, अंबेचा धागा वेगळा काढा.

निवृत्त_नाना
काढला. पोथीनिष्ठ, या तिकडे.