स्कायडायव्हिंग करणाऱ्यांना भीतीच वाटत नाही का? दिराबद्दल विचारतेय

सातारकर_वहिनी:
माझा धाकटा दीर मागच्या थंडीत थायलंडला जाऊन स्कायडायव्हिंगचा कोर्स करून आला, ए लायसन्स म्हणजे पहिल्या पायरीचं लायसन्स पण मिळालं, आणि आता परत जायचं म्हणतोय, ह्यावेळी स्वतःचं पॅराशूट विकत घेऊन. घरात रोज वाद, सासूबाई तर धड जेवत पण नाहीत. हा म्हणतो आई उगाच घाबरतेस, त्यात मशीन असतं, मी बेशुद्ध पडलो तरी पॅराशूट आपोआप उघडतं. हाच पोरगा पोवई नाक्यापर्यंत पण हेल्मेटशिवाय गाडी काढत नाही. मग ह्याला धोका दिसतच नाही का दिसून पण काही वाटत नाही? ह्या लोकांचं डोकं नक्की कसं चालतं?

टेबललँड_पायलट:
वहिनी, मी पाचगणीला पॅराग्लायडिंग करतो, खेळ वेगळा आहे पण माणसं तीच. हेल्मेट घालणारा आहे ना, मग काळजी थोडी कमी करा. जे टिकतात ते असेच असतात, वारा जरा वाकडा वाटला तर दिवसभर बसून राहतील पण उडणार नाहीत. भीती सगळ्यांना वाटते. पुण्याच्या शीतल महाजन २००४ ला उत्तर ध्रुवावर उडी मारून आल्या, पुढे पद्मश्री मिळाली, अशांना सगळे बेडर म्हणतात पण त्यामागची तयारी कोण बघत नाही.

कृष्णाकाठ:
सांगलीत पूर आला की आयर्विन पुलावरनं पोरं उड्या टाकतात. नवशिका कठड्याजवळ पण जात नाही, पट्टीचा पोहणाराच बुडतो. दिरावर लक्ष ठेवा, एवढंच म्हणेन.

मिरजेचा_जंपर:
ताई, आखातात नोकरीला होतो तेव्हा मी हा खेळ शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ते मशीन म्हणजे एएडी. साधारण ७५० फुटांवर आलात आणि अजून सव्वाशे किमीच्या वेगाने पडताय असं त्याला कळलं की ते रिझर्व्हचा, म्हणजे जादाच्या पॅराशूटचा, बंद ठेवणारा दोरीचा लूप कापतं आणि ते उघडतं. १९९१ ला सायप्रेस नावाचं आलं आणि पॅराशूट न उघडता जाणारे लोक खूप कमी झाले, ही गोष्ट खरीच आहे. पण मग लोक मरायला लागले ते व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली! म्हणजे मशीनचा भरवसा आला तशी लोकांनी लहान, फास्ट कॅनोपी (पॅराशूटचं उघडणारं कापड) घेतली आणि जमिनीजवळ जोरात वळण मारून उतरायला लागले, त्याला स्वूप म्हणतात, आणि वळण हवं त्यापेक्षा शंभरएक फूट खाली मारलं गेलं की संपलं, तिथे एएडीचा काही उपयोग नाही. थ्री-रिंग रिलीज, म्हणजे बिघडलेलं पॅराशूट झटकन सोडून द्यायची कडी, बनवणारे बिल बूथ हेच सांगत आलेत, गिअर जितकं सेफ तितकी माणसं जास्त चान्स घेतात आणि मरणारे तेवढेच राहतात. माझं स्पष्ट मत आहे की भीती वाटते का हे त्याला विचारूच नका, सगळे हसून नाही म्हणतात. त्याचं वजन किती आणि पॅराशूट किती स्क्वेअर फुटाचं घेतोय ते विचारा.

सातारकर_वहिनी:
विचारलं. वजन ७५ किलो. कोर्सला १९० चं होतं, आता १५० चं घेतोय, सेकंड हँड स्वस्तात मिळतंय म्हणे आणि तिथले मित्र म्हणाले १९० म्हणजे बस आहे नुसती.

मिरजेचा_जंपर:
हेच ते. ७५ किलो म्हणजे १६५ पौंड, गिअरचे २५ धरा, झाले १९०. १९० च्या कॅनोपीवर विंग लोडिंग, म्हणजे पौंडातलं वजन भागिले स्क्वेअर फूट, बरोबर १ येतं, आणि नवीन लायसन्सवाल्याला १ च्या वर जाऊ नको असंच सांगतात. १५० वर ते सव्वाच्या पुढे जातं, ती लवकर वळते, वळताना उंची पण भराभर खाते, आणि शेवटच्या क्षणी समोर कुणी आलं की नवीन माणूस घाबरून एकच टॉगल (वळवायची मूठ) खेचतो, तिथेच घात होतो. एएडीचे पैसे कमी करू नका, ते हवंच, पण १५० चा सौदा आजच मोडायला लावा. मित्रांचं ऐकून नाही तर त्याच्या इन्स्ट्रक्टरला विचारून साइझ ठरवायचा. जायचंच असेल तर १९० वरच जंप करू दे आणि तिथेच कॅनोपीचा वेगळा कोर्स करू दे, त्यात फ्लॅट टर्न, म्हणजे फार उंची न घालवता वळणं, आणि ब्रेक्स धरून उतरणं शिकवतात. सासूबाईंशी मी फोनवर बोलायला तयार आहे, मेसेज टाका.