मदत हवी आहे: माशांचे दोन फुटी तीन टँक आहेत, आता चार फुटी घ्यावा का? (शहापूर, बेळगाव)

शहापूरकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २ बाय १ बाय १ फुटांचे तीन टँक आहेत, तिन्ही माडीवरच्या खोलीत. पहिल्यात गप्पी. दुसऱ्यात एंजलची जोडी आणि दहाबारा टेट्रा. तिसऱ्यात चार-चार इंचांचे दोन ऑस्कर आणि एक सकर. तिन्हींना स्पंज फिल्टर, हीटर फक्त एंजलच्या टँकला.

आता ४ बाय २ बाय २चा भाव काढून ठेवलाय. शिवाय लोखंडी रॅक करून खाली आणखी दोन लहान टँक बसवायचंही डोक्यात आहे. एक टँक स्थिरावला की पुढचा घ्यावासा वाटतो, आणि तोही आधीपेक्षा मोठा. यात गरज किती आणि हौस किती हे ठरवायला मदत करा.

माडीवर चार फुटी टँक पेलेल का? लहान टँक ठेवू की मोडू? थंडीत हीटरचं बिल किती येईल? घर जुनं आहे. माडीचा अर्धा भाग लाकडी तुळयांवर, अर्धा नंतर घातलेला स्लॅब. नळाला रोज पाणी येत नाही.

मार्कंडेयकाठ

आधी वजनाचं बघू, कारण तिथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही.

४ बाय २ बाय २ म्हणजे १६ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ ४५० लिटर. दोन इंच रिकामं सोडून आणि वाळूची जागा वजा करून ३९० लिटर पाणी धरा. दोन फूट उंचीला १२ मिमी काच लागते, तिचं वजन ९० किलोच्या आसपास. दोन इंच वाळूचा थर ६० किलो, स्टँड ५० किलो. एकूण सहाशे किलोच्या जवळ जातं, आणि हे सगळं आठ चौरस फुटांवर.

घराच्या स्लॅबचं डिझाइन साधारण चौरस मीटरला २०० किलो चालत्या भारासाठी (माणसं, सामान) असतं. तुमचा टँक जिथे उभा राहील तिथे तो भार चौरस मीटरला ८०० किलोच्या जवळ जातो. म्हणून लगेच स्लॅब पडतो असं नाही, भार आजूबाजूला पसरतो. पण खाली बीम किंवा भिंत असलेल्या बाजूलाच, लांब बाजू भिंतीला लावून ठेवायचा, आणि तेही इंजिनिअरला दाखवून. तुळयांच्या भागावर तर अजिबात नको. लाकूड एकदम मोडत नाही, हळूहळू वाकतं. स्टँडची पातळी बिघडते, तळाच्या काचेवर पीळ येतो आणि कोपऱ्यातला सिलिकॉनचा जोड सुटतो. रॅकचं म्हणत असाल तर दोन फुटी टँक भरल्यावर वाळूसकट ७५ किलोचा होतो. तीन टँक एका रॅकवर आले की सव्वादोनशे किलो झाले, तेही चार पायांवर. तुळयांवर तेही नको.

माडीवरच हवा असेल तर स्लॅबच्या भागात ४ बाय १.५ बाय १.५ बघा. २५५ लिटर, १० मिमी काच, सगळं मिळून साडेतीनशे किलोच्या आत-बाहेर. दीड फुटापेक्षा जास्त उंचीचा बहुतेक माशांना फारसा फायदा नसतो. हवा पाण्यात मिसळते ती पृष्ठभागावरून, आणि दोन फूट खोल टँकच्या तळाशी काम करायचं म्हणजे खांद्यापर्यंत हात बुडतो.

खानापूर रोड

हौस आणि गरज यांचं विचारलंय तर सांगतो. नवा टँक घ्यावासा वाटतो त्यामागे बहुतेक वेळा चारपैकी एक कारण असतं, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिलं कारण, मासे वाढलेत. ही खरी गरज. तुमचे ऑस्कर इथे येतात. चांगलं खायला मिळालं तर पहिल्या वर्षात ते महिन्याला जवळपास एक इंच वाढतात आणि दहा-बारा इंचांवर थांबतात. एक फूट रुंदीच्या टँकमध्ये बारा इंचांचा मासा वळू शकत नाही. दुकानात 'सकर' म्हणून दीड इंचाचा मिळतो तोसुद्धा फूट-दीड फूट होतो. दोन ऑस्करना ४ बाय २ बाय २ हाच योग्य आकार. दीड फुटीमध्ये एकच नीट राहील. पंगास 'शार्क' या नावाने विकतात, तो तर मीटरच्या पुढे जातो, त्याला घरात बसणारा टँकच नाही. तो घेऊच नका.

दुसरं, पिल्लं. गप्पी मादी महिन्याला वीस-पंचवीस ते पन्नासपर्यंत पिल्लं टाकते आणि एकदा नराबरोबर राहिली की साठवलेल्या बीजावर पुढे काही महिने नराशिवायही टाकत राहते. त्यामुळे आज नर-माद्या वेगळ्या केल्या म्हणून उद्या थांबत नाही. पिल्लांसाठी टँक वाढवत गेलात तर अंत नाही. नुसते नर ठेवा, माद्या दुकानदाराला परत द्या. रंगीत नरांचा टँक दिसतोही छान.

तिसरं, दुकानात आवडलेला मासा घरातल्या माशांबरोबर जमत नाही, मग त्याच्यासाठी नवा टँक. इथे नियम एकच. आधी त्याची पूर्ण वाढ, त्याला लागणारं पाणी आणि त्याचा स्वभाव लिहून काढायचा, मग मासा.

चौथं कारण सगळ्यात जास्त दिसतं. टँक स्थिरावला, पाणी काचेसारखं झालं, आता करायला काही उरलं नाही. हात शिवशिवतात. यावर उपाय नवी काच घेण्यात नाही, आहे तोच टँक पुन्हा मांडण्यात आहे. एंजलच्या टँकमध्ये जावा फर्न आणि अनुबियास दगडाला दोऱ्याने बांधा (मूळखोड वाळूत पुरू नका, कुजतं), पुढे क्रिप्टोकोरायनी लावा. क्रिप्टोची पानं लावल्यावर गळतात आणि मग नवी येतात, घाबरून उपटू नका. दगड आपल्याकडचा काळा पाषाण घ्या, त्यातून पाण्यात काही उतरत नाही. जांभा झिजतो आणि पाणी लाल करतो. शहाबादीचे तुकडे घालू नका, तो चुनखडक आहे, पाणी जड करतो. शंका असेल तर दगडावर संडास साफ करायच्या ॲसिडचा थेंब टाका. फसफसला तर नको.

आणि एक कळकळीची विनंती. ऑस्कर किंवा सकर डोईजड झाले तर ते मलप्रभेत, मार्कंडेयात, राकसकोपच्या जलाशयात किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. सकर आपल्या देशात कितीतरी ठिकाणच्या पाण्यात असेच सोडलेले आहेत आणि तिथे पसरलेत. आपल्या ओढ्यांतले कितीतरी मासे सह्याद्रीबाहेर कुठे मिळत नाहीत, त्यांच्या घरात हे घुसवायचे नाहीत.

टिळकवाडी

बिलाचा हिशेब. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत रात्री खोली १८-१९ अंशांवर येते, टँक २५ला ठेवायचा. ४०० लिटरला २०० वॅटचे दोन हीटर घ्या, ४०० वॅटचा एकच नको. एक हीटर चालूच अडकला तरी मासे शिजत नाहीत, बंद पडला तर दुसरा सांभाळतो. रोज दहा तास चालले तर ४ युनिट, महिन्याला १२०. फिल्टर २५ वॅट धरला तर महिन्याला १८ युनिट. थंडी गेली की हीटरचा खर्च गेला.

हाच हिशेब मोठ्या टँकच्या बाजूने पण जातो. २ बाय १ बाय १च्या तुलनेत ४ बाय २ बाय २चा पृष्ठभाग चौपट, पण पाणी आठपट. म्हणजे लिटरमागे उष्णता निम्मीच जाते. लाईट गेल्यावर लहान टँक जेवढा दोन तासांत गार होतो तेवढा व्हायला मोठ्याला चार तास लागतात. एकदम तापमान पडलं की माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आलाच समजा. त्यामुळे पाच लहानांपेक्षा एक मोठा केव्हाही सोपा.

पावसाळ्यात लाईट तासन्‌तास जाते, त्याची सोय टँक घ्यायच्या आधी करा. ५ वॅटचा डीसी एअर पंप १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीवर रात्र काढतो. कॅनिस्टर (बंद डब्याचा) फिल्टर तीन-चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर तसाच चालू करू नका. आतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, पाणी सडतं, आणि बटण दाबलं की ते सगळं टँकमध्ये जातं. आधी डबा रिकामा करा, स्पंज टँकच्याच पाण्यात खळबळा, मग लावा.

शहापूरकर

फार उपयोग झाला. रॅकचा विचार सोडला. खालच्या हॉलमध्ये भिंतीलगत साडेचार फूट जागा निघते, जमीन शहाबादी फरशीची. तिथे ४ बाय २ बाय २ चालेल का? फिल्टर कुठला?

मार्कंडेयकाठ

खाली असेल तर खुशाल घ्या. आधी फरशी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ती उचलून खाली माल भरून घ्या. स्टँड दीड इंची चौकोनी एमएस पाइपचा, २ मिमी जाडीचा. पाय सुटे नकोत, खालूनही पूर्ण चौकट हवी, म्हणजे दीडशे किलो एका फरशीच्या कोपऱ्यावर येत नाहीत. वर १८ मिमी मरीन प्लाय, त्यावर थर्माकोल, मग टँक. स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांना लावा. कमीजास्त असेल तर स्टँडच्या खाली पत्री सारा, टँकखाली कधीच नाही.

काचवाल्याला बजावून सांगा की बुरशीनाशक नसलेला ॲसेटिक सिलिकॉन हवा. बाथरूमचा चालत नाही, त्यातलं औषध माशांना मारतं. वरून चारही बाजूंनी तीन इंची पट्ट्या. टँक आणल्यावर स्टँडवरच पाव, अर्धा, पूर्ण असा भरत जा आणि तीन दिवस भरलेला ठेवून जोडांवर कोरडा कागद फिरवा.

फिल्टरसाठी ऑस्करना मी संपच (खाली ठेवलेला फिल्टरचा टँक) सुचवेन. ते खातात दांडगं आणि घाणही तशीच करतात. स्टँडखाली अडीच फुटी टँक, त्यात आधी स्पंज, मग सिरॅमिक रिंग किंवा लाव्हा दगड, शेवटी ताशी २००० ते २५०० लिटरचा पंप. लोक चुकतात ते लाईट गेल्यावर. पंप थांबला की वरच्या टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोच्या (पाणी संपमध्ये उतरायच्या तोंडाच्या) पातळीपर्यंत खाली येतं. तुमच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे १९ लिटर. दोन इंच उतरलं तर ३८ लिटर, तेवढी जागा संपमध्ये कायम रिकामी हवी. परतीच्या पाइपचं तोंड पाण्यात खोल असेल तर तोच पाइप उलटा सायफन होतो आणि हॉलभर पाणी. म्हणून पातळीच्या अर्धा इंच खाली पाइपला एक भोक पाडा. पाणी उतरलं की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. भोकात शेवाळ साचतं, दर आठवड्याला काडी घालून साफ करा. सगळं लावून झालं की मासे सोडण्याआधी स्वतः बटण बंद करून बघा.

निपाणीकर

तीनपैकी ऑस्करचा टँक रिकामा झाला की त्यात नवं काही भरू नका. तो नव्या आणि आजारी माशांसाठी ठेवा. नवा मासा तीन आठवडे तिथे राहू दे. जाळी आणि सायफन सगळ्यांत एकच वापरू नका, नाहीतर एका टँकचा रोग सगळीकडे. वापरावंच लागलं तर उन्हात कडक वाळवून मग.

शहापूरकर

शेवटचं विचारतो. पाणी रोज येत नाही, मग बदलायचं कसं? आणि ऑस्कर नव्या टँकमध्ये कधी हलवू?

खानापूर रोड

दोन ऑस्कर असतील तर दर आठवड्याला ३० टक्के, म्हणजे १२० लिटर. १५ लिटरच्या आठ बादल्या. लहान टँकचं वेगळं. एप्रिल-मेमध्ये एवढं पाणी बाजूला काढता येत असेल तरच काचवाल्याला आगाऊ रक्कम द्या. २०० लिटरचा निळा ड्रम भरून ठेवा, आत एअर स्टोन सोडा, एक दिवसात क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर १० ग्रॅम सोडियम थायोसल्फेट १०० मिली पाण्यात विरघळवून त्यातलं १ मिली दर १० लिटरला. बोअरचं असेल तरी एक दिवस हवा द्या. त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला.

राकसकोपचं पाणी येत असेल तर एक तपासणी चुकवू नका. सह्याद्रीतल्या पावसाचं पाणी मऊ, त्यात आम्ल पेलायची ताकद कमी. ऑस्करच्या घाणीवर जिवाणू काम करतात तशी ती ताकद संपत जाते आणि पीएच एकदम कोसळतो. ही ताकद मोजणारं केएचचं किट घ्या, केएच ३च्या खाली गेलं तर १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा घाला. एवढ्याने केएच एकाने वाढतो. एका दिवसात यापेक्षा जास्त नको.

हलवण्याचा क्रम असा. नवा टँक भरायच्या तीन-चार आठवडे आधी संपमधल्या रिंगा जाळीच्या पिशवीत घालून ऑस्करच्या जुन्या टँकमध्ये सोडा, जिवाणू तिथे बसतात. जुनं पाणी नेऊन काही होत नाही, जिवाणू पाण्यात नसतात, स्पंजवर आणि रिंगांवर असतात. नवा टँक भरून, तापमान सारखं करून, रिंगा, जुना स्पंज फिल्टर आणि मासे एकाच दिवशी हलवा. पहिले दोन दिवस खायला नको, पुढचा आठवडा निम्मं. दोन आठवडे रोज अमोनिया आणि नायट्राइट बघा. काहीही ०.२५ पीपीएमच्या वर दिसलं की त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदला. सोडा घालून पीएच चढवला असेल तर जास्त सावध राहा. पीएच ७ला अमोनियाचा अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, ८ला पाच टक्के.

जुना स्पंज नंतरही संपमध्येच पडून राहू दे. निपाणीकरांनी सांगितलेला आजाऱ्यांचा टँक एरवी कोरडा ठेवा. लागेल तेव्हा मोठ्या टँकचं पाणी भरून तो स्पंज त्यात टाकला की अर्ध्या तासात तयार.