१ मेला हॉल कोणाचा? शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या बाईंच्या निरोप समारंभावरून सोलापुरातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

सोमवार, २७ एप्रिल

बापू, ए १०४ (रात्री ९:०७): सेक्रेटरीसाहेब, नोटीस बोर्ड आत्ता वाचला. शुक्रवारी १ मे, संध्याकाळी ६, हॉलमध्ये बाईंचा निरोप समारंभ. त्याच दिवशी त्याच वेळी माझ्या पुतणीचा साखरपुडा आहे. मार्चमध्येच पैसे भरलेत. पावतीचा फोटो टाकतोय. हॉल कोणी कोणाला विचारून दिला?

सेक्रेटरी (९:१५): बापू, नमस्कार. उद्या ऑफिसात बसून बोलू. ग्रुपवर नको.

बापू: ग्रुपवरच बोलू. मागच्या वेळी ऑफिसात बसून बोललो, त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

पप्पू, सी ००२: चहा ठेवतो. आज लवकर झोप नाही.

अक्का, बी ३०१: पप्पू, बाई ग्रुपवर आहेत. जरा भान ठेव.

नाना, ए २०१: गणपतीला हॉलमधल्या खुर्च्या गेल्या त्या अजून परत आल्या नाहीत. कार्यक्रम कुणाचाही असो, माणसं बसणार कशावर?

अण्णा, बी २०३: आल्या बघा नानांच्या खुर्च्या 😄

नाना: हसण्यावारी नेऊ नका अण्णा. मंडळाचे अध्यक्ष तुम्हीच होता.

अण्णा: बरं ते राहू द्या. मॅडम तर ३१ मेला रिटायर होलालेत. मग निरोपाची १ तारखेलाच कशाला घाई? महिन्याने ठेवा की. बापूंचं कार्य पण होऊन जाईल.

स्वप्ना, ए ३०२: अण्णा, ३१ मेला शाळेत कोण असतं? सुट्टी पडलेली असते. १ मेला ध्वजवंदन, मग निकाल. सगळे पालक येतात तो तेवढाच एक दिवस. त्यानंतर निम्मी पोरं मामाच्या गावाला, कोणी तेलंगणात, कोणी विजापूरकडे.

पप्पू: बाईंचा वाढदिवस १ जून ना? आमच्या शाळेतले अर्धे सर १ जूनचेच.

अक्का: त्या काळी आईबापांना तारीख कुठे आठवायची? शाळा जूनला सुरू, गुरुजी १ जून लिहून मोकळे. बाईंच्या आई सांगायच्या, ही गड्ड्यातली, सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या जत्रेतली. नंदीध्वजांची मिरवणूक गल्लीतून चालली होती आणि इकडे कळा सुरू झाल्या.

पप्पू: म्हणजे खरी तारीख जानेवारीची! सात-आठ महिने आधीच घरी पाठवलालेत की ओ.

बापू: पावती मार्चची आहे. १ मे, संध्याकाळी ६ ते १०, हॉल माझ्या नावावर. पुन्हा सांगतोय.

खजिनदार वहिनी, सी ३०३: बाईंच्या निरोपासाठी फ्लॅटमागे २०० रुपये ठरले आहेत. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, अल्पोपाहार. काहींनी पाठवले, त्यांचे आभार 🙏 बाकीच्यांनी उद्यापर्यंत पाठवावेत.

नाना: कोणी ठरवले? मीटिंग झाली का? यात टँकरचे पैसे आहेत का? चार दिवसाआड पाणी, त्यात शुक्रवार आपला पाण्याचा दिवस नाही. दोनशे माणसांचे हात धुवायला पाणी कुठून आणणार?

अण्णा: शाल कशाला ओ वहिनी? सोलापुरात राहून बाहेरच्या मशीनची शाल द्यायची? माझ्याकडून जेकार्डची चादर घ्या. वर्गणीत धरू नका.

शेखर, ए ४०१ (१०:०२): माफ करा, पण स्पष्ट बोलतो. मॅडमबद्दल आदर आहे. पण शाळा वेगळी, सोसायटी वेगळी. आपल्या तिन्ही विंगमधलं एक तरी मूल त्या शाळेत जातं का? मग हॉल सोसायटीचा का, आणि वर्गणी सोसायटीची का?

(थोडा वेळ कोणीच काही लिहिलं नाही.)

अक्का: शेखर, रात्री दहाला हे लिहायची गरज होती का?

शेखर: सकाळी लिहिलं असतं तर चाललं असतं का काकू?

स्वप्ना (१०:१९): शेखरदादा, तुम्ही सोलापुरात आलात त्याच्या आधीचं सांगते. मी त्या शाळेत पाचवी ते दहावी शिकले. तेव्हा बाई मुख्याध्यापिका नव्हत्या, आम्हाला इतिहास आणि मराठी शिकवायच्या. माझ्या बाकावर एक घरी तेलुगू बोलणारी, एक कन्नड, एक उर्दू. बाईंना तिन्ही भाषा कामापुरत्या येतात. आया शाळेत आल्या की बाई कुणाला तेलुगूत 'बागुन्नारा' (बऱ्या आहात ना) विचारायच्या, कुणाला कन्नडमध्ये 'ऊट आयता' (जेवण झालं का). ज्या बायका शाळेच्या फाटकातून आत यायला घाबरायच्या त्या ऑफिसात येऊन बसायच्या. दर १२ जानेवारीला सकाळी आम्हाला रांगेत चार हुतात्मा पुतळ्याला न्यायच्या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३१ ला एकाच दिवशी येरवड्यात फाशी गेलेले आपल्या गावातले चौघे. ही नावं आम्ही पुस्तकातून पाठ केली नाहीत, तिथे उन्हात उभं राहून म्हटली. आज मी बँकेत आहे, काउंटरवर तीन भाषांत बोलते. ते तिथून आलंय. मला वर्गणीचं काही नाही. पण 'शाळा वेगळी, सोसायटी वेगळी' हे वाचून वाईट वाटलं.

पप्पू: स्वप्नाताई 🙏

शेखर: मी बाईंबद्दल बोललो नाही. व्यवस्थेबद्दल बोललो.

अण्णा: शेखर, एक सांगू? माझ्या कारखान्यात मागाच्या कांड्यांवर सूत भरायला एक बाई येते. तिची पोरगी त्याच शाळेत होती. आठवीला स्कॉलरशिप लागली, वर्षाला १२,०००. नाहीतर दहावीतच लग्न ठरवलालते. आता नर्सिंगला आहे. मॅडम दोनदा माझ्या कारखान्यावर आल्या होत्या, तिच्या आईला समजवायला. माग चालू होते, आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मीच दहा मिनिटं बंद केले.

बापू: पावती मार्चची आहे. १ मे, संध्याकाळी ६ ते १०, हॉल माझ्या नावावर.

पप्पू: बापू, आम्हाला पाठ झालंय.

बापू: पाठ होऊन उपयोग नाही. सेक्रेटरींनी लेखी द्यावं.

नाना: माझ्या खुर्च्यांच्या मुद्द्यावर कोणी बोललं नाही.

सेक्रेटरी (१०:५५): सर्वांना विनंती, आता थांबावं. उद्या कळवतो. शुभ रात्री.

मंगळवार, २८ एप्रिल

बाई, सी २०४ (सकाळी ६:२०): सगळ्यांना नमस्कार. पहाटे उठून सगळं वाचलं.

बापू, हॉल तुमचाच. साखरपुडा थाटात होऊ द्या. मी येणारच आहे, आशीर्वाद द्यायला आणि जेवायलाही. माझा निरोप शाळेतच होईल. शुक्रवारी ध्वजवंदन आणि निकाल झाले की साधारण साडेनऊला, पटांगणातल्या लिंबाखाली. अकरानंतर उन्हामुळे बसवत नाही, म्हणून भाषणं आटोपशीर ठेवली आहेत.

वहिनी, वर्गणी ज्याची त्याला परत करा. शाल-नारळ नको. अण्णा, चादर मात्र घेईन. ती तुमच्या मागावरची आहे.

शेखर, तुमच्या प्रश्नाचा मला राग आला नाही. तो कोणीतरी विचारायलाच हवा होता. आपल्या तिन्ही विंगमधलं एकही मूल माझ्या शाळेत नाही, हे खरं आहे. पण सकाळी आपल्याकडे धुणं-भांड्याला ज्या येतात त्यांपैकी तिघींच्या मुली माझ्याकडे आहेत. गेटवर रात्री जो बसतो त्याचा मुलगा सातवीत आहे. अण्णांच्या मागावरच्यांची मुलं आहेत. शाळा आणि सोसायटी वेगळी कशी, ते मला अजून समजलेलं नाही.

पूर्व भागातल्या माझ्या निम्म्या मुलींच्या आया विड्या वळतात. पानं आणि तंबाखू विडी कंपनीच्या ब्रँचमधून आणायचा, हजार वळल्या की त्याची मजुरी. पानं कापायला घरातलीच मुलगी लागते. त्यामुळे गैरहजेरी वाढली की मी घरी जाते. एका घरी आई म्हणाली, बाई, ही शाळेत आली तर पानं कोण कापणार? मी सूप पुढ्यात ओढून कापायला बसले. माझी कापलेली पानं ब्रँचमध्ये चालली नसती, पण मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली.

तुम्हाला मला काही द्यायचंच असेल तर दोन गोष्टी मागते.

आठवीला एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. बौद्धिक क्षमतेचे ९० गुण, शालेय विषयांचे ९०. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं. यादीत नाव आलं की नववी ते बारावी वर्षाला १२,०००, चार वर्षांचे ४८,०००. एवढ्या पैशांनी घर चालत नाही, पण मुलीचं लग्न चार वर्षं पुढे जातं. हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. मात्र परीक्षा पास होणं त्यातल्या त्यात सोपं. पैसे खात्यात येणं अवघड. शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं. आधारवर आडनाव एक, दाखल्यावर दुसरं. तेलुगू आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळं. दहावीपर्यंत आम्ही शिक्षक मागे लागून करून घेतो. अकरावीला मुलगी दुसरीकडे गेली की तो अर्ज कोणी भरत नाही, आणि ऐन गरजेच्या दोन वर्षांचे पैसे बुडतात. पास झालेली, यादीत नाव असलेली मुलगी केवळ अर्जावाचून घरी बसते, याचं मला फार दुःख आहे. शाळा सुरू झाल्यावर कोणीतरी रविवारी तासभर लॅपटॉप घेऊन बसा, एवढंच.

दुसरं. मे महिन्यात माझे सहकारी पट शोधायला, म्हणजे शाळेसाठी नवी मुलं मिळवायला, घरोघर फिरतील. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, स्वतःचं पेट्रोल घालून. पट घसरला तर संचमान्यतेत, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पद कमी होतं. मुलं वस्तीतच राहतात, शिकवणारा माणूस जातो. ते आपल्या गेटवर आले तर वॉचमनने हाकलू नये. त्यांना पाणी द्या. आणि घरकाम करणाऱ्या बायकांना त्यांच्यासमोर सांगा की या शाळेत मुलीला घाला. तुमचं ऐकतील. त्या तुमच्या मुलांच्या शाळेकडे बघून ठरवतात.

इतकी वर्षं रात्री-अपरात्री माझ्याकडे पालक यायचे, रडायचे, जिन्यात बसायचे. कोणी तक्रार केली नाही. हे मी विसरणार नाही.

अक्का (६:३४): बाई 🙏🙏 काय लिहू.

स्वप्ना: बाई, मी येते रविवारी. बँकेचं आधार-जोडणीचं काम मला माहीत आहे.

बापू (७:०५): बाई, आभारी आहे. पुतणीला सांगितलं, तिला फार आनंद झाला. सेक्रेटरींनी तरीही लेखी टाकावं. पावती मार्चची आहे.

सेक्रेटरी (७:४०): १ मे रोजी संध्याकाळी ६ ते १० हॉल ए १०४ यांना दिलेला आहे. नोटीस बदलली आहे.

बापू: धन्यवाद. आता विषय संपला. शुक्रवारी सकाळी मीही शाळेत येतो.

नाना: शाळेत खुर्च्या आहेत का?

बाई: सतरंज्या आहेत नाना. तुमच्यासाठी स्टाफरूममधली एक खुर्ची काढून ठेवते.

नाना: माझा प्रश्न वेगळा होता. पण चालेल. गुडघ्याचं दुखणं आहे, आभार.

खजिनदार वहिनी: वर्गणी परत पाठवते आहे. ज्यांनी रोख दिली त्यांनी घरी येऊन न्यावी. मी दारोदार फिरणार नाही.

शेखर (९:३०): मॅडम, वर्गणी आणि हॉलबद्दल माझं मत तेच आहे. पण पोर्टलचं काम मी बघतो. घरूनच काम करतो, रविवारी मोकळा असतो. नूतनीकरण कधी सुरू होतं, मुलीचं जुनं लॉगिन कोणाकडे असतं, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, हे मला आधी लिहून द्या.

बाई: शेखर, तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ओटीपी बहुतेक वेळा बापाच्या मोबाइलवर येतो आणि तो नंबर बंद पडलेला असतो. म्हणून आधी आधारला चालू नंबर जोडायचा, मग बाकीचं. मागची यादी माझ्या वहीत आहे, कोणाचा अर्ज कुठे अडकला ते शेरे मारले आहेत. वही स्वप्नाकडे देते.

अण्णा: शेखरभाऊ, आमच्या कारखान्याचं ऑफिस रविवारी रिकामं असतंय. वस्तीला जवळ पडतं. सोसायटीत बोलावलं तर पोरी गेटवरच लाजून परत जातील.

शेखर: चालेल. ते जास्त बरं.

अक्का: मग कोणत्या रविवारी?

बाई: शाळा १५ जूनला उघडते. पहिला आठवडा प्रवेशात जातो. २१ जूनपासून धरा. येताना मुलींनी आधार, पासबुक, आधीच्या वर्षाची गुणपत्रिका आणि नव्या कॉलेजचं बोनाफाइड आणायचं. बोनाफाइडवर सही-शिक्का बघून घ्या, नुसती पावती चालत नाही.

पप्पू: प्रिंटर माझ्याकडे आहे. शाई संपलीय.

अण्णा: शाई माझ्याकडून.

नाना: तिथे खुर्च्या किती आहेत अण्णा?